इंग्रजीचा वर्ग आणि आपली लेखणी



पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वाघोली म्हणून जें गांव आहे, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं मोटारीच्या खिडकींतूनच पाहिलें असेल. वाघेश्वराचें जुनें देऊळ, पहिल्या बाजीरावाच्या काळांत नांवाजलेल्या पिलाजीराव जाधवांची आठवण, आणि या दोहोंनाहि झांकून टाकणाऱ्या उंच इमारती, दगडाच्या खाणी व महाविद्यालयें, असा या गांवाचा आजचा अवतार आहे. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. कागदोपत्रीं तें आतां शहरच झालें. पण जुन्या शेतकऱ्याचा मुलगा, परप्रांतांतून आलेल्या संगणक-अभियंत्याची मुलगी आणि खाणींत दगड फोडणाऱ्याचें पोर, हीं तिन्हीं एकाच बसथांब्यावर उभीं राहतात, असें हें गांव आहे.

अशा या गांवांतली एखादी मुलगी बारावीचा निकाल लागल्यावर घरीं सांगते, "मी इंग्रजी हा विशेष विषय घेऊन बी. ए. होणार, आणि मला पुढें लेखिका व्हावयाचें आहे." तिच्या वाक्याचा पूर्वार्ध वडिलांना आवडतो, उत्तरार्ध आवडत नाहीं. इंग्रजी म्हणजे नोकरी, परदेश, चार माणसांत ताठ मानेनें बोलणें. आणि लेखन म्हणजे रिकामपणचा उद्योग! आईला उत्तरार्धाचीहि थोडी हौस असते, पण ती बोलून दाखवीत नाहीं. मला आज जें सांगावयाचें आहे, तें या वडिलांना आणि या मुलीला, दोघांनाहि थोडें अवघड वाटेल. तें असें कीं इंग्रजीचा वर्ग लेखक घडविण्याच्या कामीं खरोखरच उपयोगी पडूं शकतो. मात्र तो इंग्रजी लिहावयास शिकवितो म्हणून नव्हे, तर आपल्याच बोलीकडे परक्याच्या डोळ्यांनीं पाहावयास लावतो म्हणून. हा दुसरा उपयोग जेथें होत नाहीं, तेथें तीन-चार वर्षें आणि फीचे पैसे दोन्हीं वायां जातात असें माझें मत आहे.

इंग्रजी भाषा म्हणजे वाघिणीचें दूध, ही उपमा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. उपमा मोठी ऐटदार आहे, पण तिच्यांत एक खोंच आहे. दूध कोणाचेंहि प्यालें तरी हाडें आपलीं स्वतःचींच वाढावयाचीं असतात. वाघिणीचें दूध प्यालेलें मूल कांहीं वाघ होत नाहीं. ही गोष्ट ज्यांना उमगली अशा दोन पुणेकरांचें स्मरण येथें करणें अवश्य आहे. दोघांचें एकमेकांशीं पटण्यासारखें नव्हतें, म्हणून तर त्यांना एकत्र आणणें अधिक उद्बोधक आहे.

पहिले विष्णुशास्त्री चिपळूणकर. ते शिकले डेक्कन कॉलेजांत, म्हणजे शहरांतून वाघोलीकडे निघालें असतां नदीपलीकडे येरवड्यास जें कॉलेज लागतें त्यांत. त्या काळीं तेथें वर्डस्वर्थ नांवाचे प्राचार्य होते. निसर्गकवि वर्डस्वर्थ याचे ते नातू. तेव्हां त्या भिंतींच्या आंत इंग्रजी काव्याचा केवढा मान असेल याची कल्पना करतां येते. उलट मराठीची स्थिति अशी होती कीं मुंबई विद्यापीठानें तिला पदवीच्या परीक्षांतून बाहेर काढलें होतें, आणि पुढें न्यायमूर्ति रानडे यांनीं पुष्कळ वर्षें खटपट केल्यावर कोठें तिला पुन्हां दार उघडलें. म्हणजे विष्णुशास्त्र्यांना मराठी लिहावयास कॉलेजच्या वर्गांत कोणी शिकविलें नाहीं. त्यांच्या हाताला वळण लागलें त्यांत भाषांतराचा वांटा मोठा आहे. डॉक्टर जॉन्सन यानें १७५९ सालीं लिहिलेली हबसाणच्या राजपुत्राची गोष्ट, 'रासेलस', हिचें भाषांतर त्यांच्या वडिलांनीं, कृष्णशास्त्र्यांनीं, आरंभिलें होतें. तें मुलानें पुरें केलें. जॉन्सनचें वाक्य तराजूसारखें असतें. या पारड्यांत एक विचार पडला कीं त्या पारड्यांत त्याच्या तोलाचा दुसरा येतो. असें वाक्य मराठींत उभें करावयाचें तर पहिली अडचण ही कीं त्यांचें क्रियापद मध्यें येतें आणि आपलें शेवटीं. शेवटपर्यंत वाचकाचा श्वास टिकला पाहिजे आणि तोलहि सुटतां कामा नये. ही कसरत करतां करतां मराठी गद्याला एक नवा कणा मिळाला, आणि १८७४ सालीं सुरू झालेल्या 'निबंधमाले'च्या पानापानांत तो दिसतो.

दुसरे जोतीराव फुले. यांचें इंग्रजी शिक्षणहि पुण्यांतच, स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें. टॉमस पेनचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक त्यांनीं तरुणपणीं वाचलें आणि तें त्यांच्या मनांत कायमचें रुजलें. 'तृतीय रत्न' हें नाटक त्यांनीं १८५५ सालीं लिहिलें, 'गुलामगिरी' १८७३ सालीं. या दुसऱ्या पुस्तकाला इंग्रजी प्रस्तावना आहे, आणि तें अर्पण केलें आहे अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना. परंतु आंतला संवाद मात्र धोंडिबा आणि जोतीराव यांच्यांत, बोलण्यांतल्या रांगड्या मराठींत घडतो. विष्णुशास्त्र्यांनीं या भाषेची आणि तिच्या व्याकरणाची यथेच्छ टर उडविली. ती टीका आज वाचतांना टीकाकाराचें कौशल्य दिसतें, आणि त्याचा अन्यायहि दिसतो. ज्या मराठीला ते अशुद्ध म्हणत होते, तिच्यांत राबणाऱ्या माणसाचा आवाज छापील पानावर येत होता. तो ऐकावयास लागणारा कान मात्र त्या विद्वान् निबंधकाराजवळ नव्हता. एकानें इंग्रजींतून वाक्याची ठेवण घेतली, दुसऱ्यानें विचाराची हिंमत घेतली. आणि दोघांनींहि जन्माचें लेखन केलें तें मराठींत.

हें सर्व कॉलेजांतच घडतें असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. केशवसुत १८८९ सालीं मॅट्रिक झाले. कॉलेजची पायरी ते चढले नाहींत, तरीहि इंग्रजी सॉनेट मराठींत आणून त्याचें सुनीत त्यांनींच केलें. हरिभाऊ आपटे कॉलेजांत गेले खरे, पण पदवी न घेतां बाहेर पडले, आणि मराठी कादंबरीला त्यांनीं वयांत आणलें. पदवीचा कागद आणि प्रतिभा यांचा संबंध शोधूं जाणाराच्या पदरीं निराशाच यावयाची.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला, म्हणजे कानडी मुलखांत, महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत आणि कथा लिहीत त्या मराठींत. वर्गांत एक भाषा, रस्त्यावर दुसरी, आणि लेखणीला तिसरी! त्यांच्या 'काजळमाया' या संग्रहाला १९७३ सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या, अरण्य तोडून वस्ती करणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्याहि त्यांनीं मराठींत आणल्या. ज्या झाडांना आपल्या भाषेंत नांवें नाहींत आणि ज्या हिंवाचा आपल्याला अनुभव नाहीं, तीं झाडें व तें हिंव मराठी वाचकासमोर उभें करावयाचें म्हणजे भाषेचें कोठार तळापर्यंत उपसावें लागतें. लेखकाला याहून कडक तालीम दुसरी कोणती असणार?

गौरी देशपांडे यांचें उदाहरण वाघोलीच्या मुलीला अधिक जवळचें वाटेल, कारण त्या पुण्याच्याच. इरावती कर्वे यांच्या या कन्येनें इंग्रजी साहित्यांत डॉक्टरेट मिळविली, फर्ग्युसन कॉलेजांत इंग्रजी शिकविलें, आणि आरंभीं कविता लिहिल्या त्याहि इंग्रजींतच. १९६८ सालीं त्यांचा 'बिट्वीन बर्थ्स' हा काव्यसंग्रह निघाला. इंग्रजींत लिहिण्याचें सर्व सामर्थ्य हातीं असतांना कथा-कादंबरीसाठीं मात्र त्या मराठीकडे आल्या. त्यांच्या नायिकांची मराठी ही शिकलेल्या शहरी बाईची, इंग्रजी शब्दाशीं अडखळून पुन्हां पुढें धांवणारी मराठी आहे. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना ती खटकली असेल. परंतु तशी बाई घराघरांत बोलत होती आणि कथेंत तिला कोणी फारसें बोलूं दिलें नव्हतें, ही वस्तुस्थिति आहे. याच लेखिकेनें बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठींत उतरविले. येथेंहि पुन्हां भाषांतरच आडवें येतें, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल.

भालचंद्र नेमाडे यांचें नांव गाळून चालणार नाहीं. खानदेशच्या खेड्यांतून पुण्याच्या कॉलेजांत आलेल्या पांडुरंग सांगवीकराची त्यांची 'कोसला' १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. उभा जन्म इंग्रजी शिकविण्यांत घालवून त्यांनीं इंग्रजीच्या वर्चस्वावर कडाडून टीका केली. यांत कित्येकांस विसंगति वाटते. मला वाटत नाहीं. घराच्या आंत राहणारालाच त्या घराचे वासे कोठें किडले आहेत तें कळतें.

बरें, लेखन शिकवितां येतें काय? मराठींत या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें देण्याचें धाडस ना. सी. फडके यांनीं १९३१ सालीं 'प्रतिभासाधन' लिहून केलें. ते स्वतः तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कथानक कसें गुंफावें, पात्र कसें आणावें, याचे नियम असतात आणि ते सांगतां येतात, अशी त्यांची श्रद्धा होती. नियमानें लिहिलेल्या गोष्टी पुढें फार झाल्या आणि त्यांचा कंटाळाहि आला, तो भाग वेगळा. अमेरिकेंत आयोवा येथील विद्यापीठानें १९३६ सालीं लेखकांची कार्यशाळा काढली. अशा कार्यशाळेंत एक रीत पडून गेली आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. विद्यार्थ्यानें लिहिलेलें पान सर्वांना आधीं वाचावयास मिळतें, मग वर्गांत त्यावर इतर सर्व बोलतात, आणि ज्याचें तें पान तो तेवढा वेळ गप्प बसतो. आपल्या वर्गांत बोलणारा एकच असतो, तो म्हणजे शिक्षक; आणि विद्यार्थी उतरून घेतात. परीक्षेच्या आदल्या महिन्यांत बाजारांतलें मार्गदर्शक विकत आणतात, रूपकाची व्याख्या पाठ करतात, आणि स्वतःचें एकहि रूपक न करतां पदवीधर होतात. हल्लीं कोठें कोठें सर्जनशील लेखनाची पत्रिका अभ्यासक्रमांत आली आहे. परंतु तीहि जर 'लघुकथेचे घटक सांगा' अशा प्रश्नानें तपासावयाची असेल, तर नवी पाटी लावून जुनेंच दुकान चालविल्यासारखें होईल.

वाघोलींत असा वर्ग भरवावयाचा झाला तर कसा भरवावा, याविषयीं माझी कल्पना सांगतों. पहिल्याच दिवशीं बर्फ, समुद्र आणि लंडनचें धुकें हे विषय वर्ज्य करावे. वर्गापासून चालत जातां येईल अशा एका जागेविषयीं प्रत्येकानें इंग्रजींत एक पान लिहावें. समजा, एकानें दगडाची खाण निवडली. तो दुसऱ्याच वाक्यापाशीं अडतो. त्याच्याजवळ 'स्टोन' आहे आणि 'हॅमर' आहे. पुढें कांहीं नाहीं. कोश उघडला तर 'रबल', 'ग्रॅव्हल', 'ग्रिट', 'स्लेज', असे नेमके शब्द तेथें बसलेले असतात, कारण विलायतेंतहि खाणी आहेत आणि तेथेंहि माणसें दगड फोडीत आलीं आहेत. शेक्सपिअरच्या पेपरांत हे शब्द त्याला कधीं भेटले नव्हते, एवढेंच. मग त्याला दुसरा धक्का बसतो. या शब्दांचें मराठी त्याला विचारावें, तर तेंहि त्याला येत नाहीं! ओबडधोबड दगड तो डबर, तो फोडला कीं खडी, खडीच्याहि तळाशीं उरते ती कच. घण वेगळा, सुतकी वेगळी, पहार वेगळी. दहाव्या मजल्यावरच्या घरांत वाढलेल्या मुलानें हे शब्द ऐकलेले नसतात; त्या दहाव्या मजल्याच्या पायाखालीं तीच खडी असली तरी. ज्या मुलाला ते शब्द घरांतूनच येतात, तो वर्गांत आजवर मागच्या बांकावर, इंग्रजी उच्चाराच्या भीतीनें तोंड मिटून बसलेला असतो. त्या दिवशीं वर्गाला त्याच्याकडे जावें लागतें. हा फेरपालट मला व्याकरणाच्या दहा तासांहून मोलाचा वाटतो.

दुसऱ्या आठवड्यांत तेंच पान मराठींत करावयाचें. येथें खरी मौज आहे. मुलानें इंग्रजींत लिहिलेलें असतें, 'द स्टोन वॉज ब्रोकन'. वाक्य सफाईदार आहे, चुकलेलें नाहीं. मराठींत 'दगड फोडला गेला' असें लिहून पाहावें, तर तें सरकारी अहवालासारखें ऐकूं येतें. मराठीला तसें बोलावयाची संवय नाहीं. ती दोन वाटा दाखविते. एक, 'दगड फुटला'. म्हणजे उन्हानें, पाण्यानें, आपल्या आपण. दुसरी, 'दगड फोडला'. आणि असें म्हणतांच ती विचारते, कोणीं? फुटणें आणि फोडणें या दोन क्रियापदांमधून एक निवडल्याशिवाय पुढें पाऊल टाकतां येत नाहीं. इंग्रजी वाक्यांत जो मजूर सफाईनें नाहींसा झाला होता, तो मराठींत परत येऊन उभा राहतो. त्याला नांव द्यावें लागतें, त्याच्या हातांत घण कीं सुतकी हें ठरवावें लागतें. तिसऱ्या आठवड्यांत हें मराठी पान पुन्हां इंग्रजींत न्यावें. आतां जें इंग्रजी वाक्य होईल, त्यांत तो माणूस राहतो. पहिलें पान आणि तिसरें पान शेजारीं ठेवून वाचलें कीं लेखन शिकवितां येतें कीं नाहीं या प्रश्नाचें थोडेंसें उत्तर मिळतें. दिलीप चित्रे यांनीं तुकोबांचे अभंग इंग्रजींत नेऊन १९९१ सालीं 'सेज तुका' हें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यामागें अशा येरझारा किती झाल्या असतील याचा विचार जिज्ञासूंनीं करावा.

एक शंका हल्लीं हटकून निघते. निबंध लिहून देणारें यंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आलें आहे. मग हा खटाटोप कशासाठीं? यंत्र इंग्रजी पान लिहून देईल, आणि तें मुलाच्या पहिल्या पानाहून गुळगुळीतहि असेल, हें मला मान्य आहे. पण शेजारच्या खाणीवर जाऊन 'या हत्याराला तुम्ही काय म्हणतां?' असें विचारून येण्याचें काम त्याच्याकडून होणार नाहीं. गुण द्यावयाचे ते तिसऱ्या पानाला, आणि पहिल्या पानापासून तें किती दूर आलें त्याला. असें केलें कीं यंत्राची चोरी करण्यांत विद्यार्थ्याला फारसा फायदा उरत नाहीं.

राहिला वडिलांचा प्रश्न. लेखनावर पोट भरतें काय? सरळ उत्तर द्यावयाचें तर मराठींत क्वचितच. वर ज्यांचीं नांवें घेतलीं त्यांतील जी. ए., गौरीबाई आणि नेमाडे यांना महाविद्यालयाचा पगार होता. बा. सी. मर्ढेकर फर्ग्युसनमध्यें शिकले, लंडनला जाऊन आले, आणि पुढें आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं या नभोवाणीच्याच नोकरींत काढला. मुलीला हें आजच सांगितलेलें बरें. मात्र जिला दोन भाषांमधून अशी मोकळेपणानें ये-जा करतां येते, तिला काम कमी पडण्याचें कारण नाहीं. न्यायालयांतील कागदपत्रें, पाठ्यपुस्तकें, वृत्तपत्रें, जाहिराती, चित्रपटाच्या खालीं उमटणाऱ्या ओळी, या सर्वांना भाषांतरकार लागतात, आणि चांगला भाषांतरकार मिळत नाहीं ही ओरड सर्वत्र आहे. नुसतें इंग्रजी येणारीं माणसें पुष्कळ झालीं आहेत. वडिलांच्या हिशेबांतला पूर्वार्ध म्हणूनच आतां पूर्वीइतका पक्का राहिलेला नाहीं, आणि उत्तरार्ध ते समजतात तितका पोकळ नाहीं.

घरच्या मंडळींना करतां येण्यासारखी एक गोष्ट आहे. मुलीच्या टेबलावर इंग्रजी कोशाच्या जोडीला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असावा. कंपनी सरकारच्या फौजेंतल्या या अधिकाऱ्यानें मराठी पंडित हाताशीं धरून तो १८३१ सालीं सिद्ध केला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांत सुमारें साठ हजार शब्द झाले. शेत, जनावरें, देवघर, बाजार यांतले जे शब्द आपल्या घरांतून निघून गेले, ते तेथें इंग्रजी अर्थासह बसून आहेत. आंतरजालावर तो कोणालाहि विनामूल्य पाहतां येतो. वर्गाला मात्र माझा नियम असा राहील कीं कोश उघडावयाचा तो खाणीवर दोघां-तिघांना विचारून आल्यानंतरच. जे शब्द कोशांत सांपडणार नाहींत, ते वहीच्या शेवटच्या पानावर, सांगणाराच्या गांवाच्या नांवासह, लिहून ठेवावे. कारण खाणीवर राबणारीं माणसें ठिकठिकाणच्या गांवांहून आलेलीं असतात, आणि एकाच हत्याराला दोन गांवांत दोन नांवें असावयाचीं.